रिकामी गाडी आधी : छोट्या रुळांवरचे रेल्वे-नियंत्रण

आटपाडीला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर दक्षिणेला ढालगाव किंवा पूर्वेला सांगोला गाठावे लागते. ही दोन्ही स्टेशने मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर या मार्गावरची. मूळचा हा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, पण राहिला एकेरीच. एकच रूळ, त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्या. समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे ते फक्त स्टेशनावर.

या एकेरी रुळावर गाड्या कोण, कशा आणि कोणत्या क्रमाने सोडतो, हा गेली काही वर्षे माझ्या अभ्यासाचा विषय आहे. मी रेल्वेचा नोकर नव्हतो आणि इंजिनियरही नाही. नियमपुस्तके वाचली, स्टेशनांवर तासन् तास बसलो, निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना विचारले. शेवटी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी डाळिंबाची प्रतवारी व्हायची, तिथे या मार्गाची छोटी प्रतिकृती उभी केली. ती बघण्यासाठी केलेली नाही, चालवण्यासाठी केली आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

धावणे वेगळे, चालवणे वेगळे

छोटी रेल्वे म्हटली की आपल्याकडे पुण्याच्या कोथरूडमधले संग्रहालय आठवते. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे डोंगर, पूल, सिग्नल, शहर, सारे काही आहे, आणि ठरलेल्या क्रमाने गाड्या धावताना पाहून लहानथोर हरखून जातात. तो एक प्रयोग आहे, नाटकासारखा. प्रेक्षकाने बसून पाहायचा.

जगात या छंदाची दुसरी एक शाखा आहे. तिथे प्रेक्षक नसतात, सगळेच कामाला असतात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात ही वाट रुळवली. ते नाटकाच्या व्यवसायात वावरलेले. त्यांचे म्हणणे असे, की रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. वेळापत्रक नसेल तर गाडी नुसती गोल फिरते, तिला कुठे जायचे नसते. पुढे १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी प्रत्येक वाघिणीला एक कार्ड आणि कार्डाला बिल्टी अशी पद्धत मांडली. बिल्टीवर लिहिलेले असते, ही वाघीण कुठून कुठे, कोणता माल घेऊन. मग मालगाडीच्या चालकाला काम मिळते : अमुक स्टेशनावर ही वाघीण तोड, ती जोड.

इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाच्या धर्मगुरूंनी बकिंगहॅम शाखा मार्गाची प्रतिकृती अनेक दशके अशीच चालवली. पलीकडचे स्टेशन सांभाळायला त्यांचा मुलगा क्रिस्पिन असे. तो हाताशी नसताना त्याचे काम करायला डेनींनी एक यंत्र बनवले, त्याला नाव दिले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. हे यंत्र गाडी ओढत नव्हते. ते पलीकडच्या स्टेशन मास्तराच्या वतीने घंटेचे संकेत देत होते. इंजिनाची मोटार कुणीही बसवतो, पण पलीकडे ‘हो, पाठव’ म्हणणारा कुणीतरी लागतो, ही गोष्ट डेनींनी ओळखली होती.

परवानगीचा इतिहास

‘हो, पाठव’ या दोन शब्दांमागे बराच रक्तपात आहे. सुरुवातीच्या एकेरी मार्गांवर वेळापत्रक हाच देव. समोरची गाडी ठरल्या वेळी आली नाही तर तिची वाट पाहत बसायचे, ती कुठे अडकली हे कळायची सोय नाही. १८५१ मध्ये अमेरिकेच्या ईरी रेल्वेचे सुपरिंटेंडेंट चार्ल्स मिनॉट असेच अडकून पडले. त्यांनी तार करून पुढच्या स्टेशनाला समोरची गाडी धरून ठेवायला सांगितले आणि आपल्या चालकाला निघायचा हुकूम दिला. चालक म्हणाला, तारेच्या भरवशावर मी जीव देणार नाही. मिनॉट यांनी इंजिन स्वतः हाकले. तारेने गाड्या नियंत्रित करण्याची ही प्रसिद्ध सुरुवात.

पण तो घाबरलेला चालक अगदीच चुकीचा नव्हता. १८७४ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या आणि वीसहून अधिक माणसे गेली. एका गाडीला यायची परवानगी तारेने गेली होती, आणि तिच्या विरुद्ध दिशेने दुसरी सोडली गेली. तार होती, माणसे होती, पण एक परवानगी जिवंत असताना दुसरी देता येणार नाही अशी व्यवस्था नव्हती. चार वर्षांनी एडवर्ड टायर यांनी अशी व्यवस्था देणारे यंत्र आणले. परवानगीला त्यांनी वस्तूचे रूप दिले.

त्याच विचाराचे आपल्याकडे रुळलेले रूप म्हणजे नील्स बॉल टोकन. दोन स्टेशनांमध्ये तारेने जोडलेली दोन यंत्रे, त्यांत धातूचे गोळे. एका यंत्रातून एक गोळा निघाला की तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. गोळा पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे झेलणारा चालक, हे दृश्य पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी नक्की पाहिलेले असेल. त्या गोळ्यावर सेक्शनचे नाव कोरलेले असते. चालकाच्या हातात गोळा, म्हणजे पुढचा रूळ फक्त त्याचा.

याच्या जोडीला स्टेशन मास्तर एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. फोनवर परवानगी देताना आपल्याकडच्या यादीतला पुढचा आकडा सांगायचा, समोरच्याने तो नोंदवहीत लिहायचा. ‘मी सांगितले होते’ आणि ‘मी ऐकले नव्हते’ या वादाला जागाच उरत नाही. माझ्या शेडमध्ये हे सगळे आहे. गोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या आहेत, प्रत्येक सेक्शनला वेगळ्या रंगाच्या. दोन डब्यांमध्ये तार आणि रिले बसवले आहेत. एका डब्यातून गोटी निघाली की दोन्ही डब्यांची तोंडे बंद होतात.

खोलीत न मावणारा मार्ग

प्रतिकृतीचे प्रमाण १ : ८७ आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात तयार रूळ मिळतो तो साडेसोळाचा. ही तडजोड या छंदातले बहुतेक लोक करतात आणि मीही केली आहे. डोळ्याला थोडे खटकते, कामात काही अडत नाही.

अंतराची तडजोड मोठी आहे. मिरज ते पंढरपूर सुमारे १३७ किलोमीटर. ८७ ने भागले तरी दीड किलोमीटरहून जास्त रूळ होतो. माझी शेड २४ फूट बाय १२ फूट. भिंतीकडेने फळीवर दोन फेरे घालून चाळीसेक मीटर बसतात. म्हणून मधली अनेक स्टेशने वगळून पाचच घेतली : मिरज, कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर. दोन स्टेशनांमध्ये साधारण सहा मीटर रूळ.

आता घड्याळाचा प्रश्न येतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी या प्रमाणात सेकंदाला सुमारे तेरा सेंटिमीटर जाते. सहा मीटरला तिला पाऊण मिनिट लागते. बारा किलोमीटरच्या खऱ्या सेक्शनला अठरा मिनिटे लागतात. तेव्हा घड्याळ जोरात पळवावे लागते. पण किती? बारापट पळवले तर सेक्शनची साडेनऊ मिनिटे होतात, तरीही अठरा होत नाहीत. उलट फोन करून परवानगी मागायला जो अर्धा मिनिट लागतो, त्याची सहा मिनिटे होतात. माणूस हास्यास्पद इतका संथ दिसायला लागतो. सहापट ठेवले तर गाडी फार लवकर पोचते, पण फोन, नोंद, गोटी, सांधा या कामांना खऱ्यासारखा वेळ लागतो. मी सहापट घेतले. गाड्यांचे धावणे खोटे झाले तरी चालेल, माणसांचे काम खरे राहिले पाहिजे, असा हा निर्णय. चार तासांत आमचा एक दिवस संपतो.

न दिसणाऱ्या गाड्या

दर महिन्याच्या एका रविवारी सहा जण जमतो. दोघे चालक, तिघे स्टेशन मास्तर आणि एक कंट्रोलर. कंट्रोलर शेडमध्ये बसत नाही. त्याचे टेबल घरातल्या मधल्या खोलीत आहे, तिथे फक्त फोन, घड्याळ आणि कागद. त्याला एकही गाडी दिसत नाही.

नवख्याला ही शिक्षा वाटते, पण खऱ्या विभागीय कंट्रोल कार्यालयाची हीच स्थिती असते. शेकडो किलोमीटरवरच्या गाड्या तिथे कुणाला दिसत नाहीत, त्या कळतात. स्टेशन मास्तर कळवतो : अमुक गाडी इतक्या वाजता आली, इतक्या वाजता सुटली. कंट्रोलर ते तक्त्यावर मांडतो. तक्ता सोपा आहे. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशने. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारीचा कल एका बाजूला, उलट येणारीचा दुसऱ्या. गाडी वेगवान असेल तर रेघ जास्त उभी, थांबली असेल तर आडवी. दोन विरुद्ध रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग. हा छेद स्टेशनाच्या ओळीवरच पडायला हवा. दोन स्टेशनांच्या मधे पडला तर तो कागदावरचा अपघात, आणि तो कागदावरच निस्तरायचा. पूर्वी हे तक्ते पेन्सिलने काढत, आता संगणकावर निघतात. रेघांचा नियम तोच आहे.

एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या मावतील याचे एक सूत्र आपल्या रेल्वेत वापरात आहे, स्कॉट यांचे. सगळ्यात जास्त वेळ घेणारा सेक्शन पाहायचा. त्यातली धावण्याची मिनिटे अधिक परवानगीच्या कामाची मिनिटे यांनी दिवसाच्या १४४० मिनिटांना भागायचे, आणि उत्तराचे सत्तर टक्के धरायचे. धावायला १८ आणि कामाला ५ मिनिटे धरली, तर दोन्ही दिशा मिळून ४३ गाड्या. त्या मार्गावरचा एकच सेक्शन २५ मिनिटांचा असेल, तर आकडा ३३ वर येतो. बाकीचे सेक्शन कितीही छोटे असोत, सगळ्या मार्गाची कुवत त्या एका लांब सेक्शनावर ठरते.

आमच्यातले तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. पहिल्या दिवशी तक्ता बघून ते म्हणाले, “आमच्याकडं समोरनं गाडी आली तर ड्रायव्हर साइडपट्टीवर घेतो. इथं साइडपट्टीच न्हाई.” एकेरी मार्गाचे याहून नेमके वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. स्टेशनावरची लूप लाइन, म्हणजे मुख्य रुळाला बगल देणारा जादा रूळ, हीच काय ती साइडपट्टी. तिची लांबी किती, यावर सगळा खेळ.

पाण्याची गाडी

या लांबीला आपल्या भागात एकदा फार महत्त्व आले होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी नेण्यात आले. पहिली गाडी दहा टँकर वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटरची. ती १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. मिरजेत जास्त वाघिणी भरण्याची सोय झाल्यावर पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली, एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटर. तिला लोक ‘जलदूत’ म्हणू लागले. ऑगस्टपर्यंत तिच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. मार्ग अरुंदच राहिला असता तर या वाघिणी मिरजेच्या पुढे जाऊच शकल्या नसत्या.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होती. म्हणजे पन्नास वाघिणींची एक फेरी माणशी साडेसहा लिटर. एक फेरी हुकली तर प्रत्येक माणसामागे दोन छोट्या कळशा गेल्या. आटपाडीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. टेंभूचे पाणी येण्याआधी टँकरची वाट आम्हीही पाहिली आहे.

अशी टँकर वाघीण साधारण साडेबारा मीटर लांब. पन्नास म्हणजे ६२५ मीटर, अधिक इंजिन आणि गार्डचा डबा. सगळी मिळून साडेसहाशेच्या वर. आपल्याकडच्या प्रमाण लूपमध्ये उभे राहायला ६८६ मीटर जागा असते. म्हणजे ही गाडी लूपमध्ये जेमतेम मावते. जिथे लूप आखूड, तिथे तिला मुख्य रुळावरच ठेवावे लागते आणि समोरची गाडी लूपमध्ये मावेल एवढी छोटी असावी लागते. दोन लांब गाड्यांचे क्रॉसिंग तिथे होऊच शकत नाही.

हे मी शेडमध्ये मांडून पाहिले. आमची पाण्याची गाडी बारा वाघिणींची, लांबी २.१ मीटर. कवठेमहांकाळ आणि सांगोल्याच्या लूप २.३ मीटरच्या, ढालगावची मुद्दाम १.६ मीटरची ठेवली. (या लांब्या माझ्या फळीवरच्या, खऱ्या स्टेशनांच्या नव्हेत.) पाण्याच्या दोन गाड्या : एक भरलेली मिरजेहून निघते, दुसरी रिकामी पंढरपूरकडून परत येते. सोबत नेहमीच्या पॅसेंजर आणि मालगाड्या.

पहिल्या रविवारी सगळ्यांना पटेल असा नियम केला : भरलेली पाण्याची गाडी कुठेही थांबवायची नाही. तिच्यासाठी पुढचा रूळ आधीपासून मोकळा ठेवला. त्यामुळे रिकामी गाडी सांगोल्याच्या लूपमध्ये जाऊन बसली. मुख्य रूळ भरलेल्या गाडीसाठी राखीव, लूप रिकामीने अडवलेला, म्हणून तिच्या मागची पॅसेंजर पंढरपुरातच अडकली. भरलेली गाडी झोकात निघून गेली. तिच्या पाठोपाठ मिरजेकडून मालगाडी आली, तिनेही ढालगाव-सांगोला सेक्शन घेतला आणि रिकामी पुन्हा थांबली. आमच्या घड्याळाप्रमाणे रिकामी गाडी मिरजेला एक तास पन्नास मिनिटे उशिरा पोचली.

पुढच्या महिन्यात तात्या कंट्रोलर होते. त्यांनी भरलेली गाडी कवठेमहांकाळला पंचवीस मिनिटे उभी केली. फोनवर अकरावीतला स्टेशन मास्तर ओरडला, “तात्या, भरलेली थांबवताय? तिकडं लोकं तहानलेली हायत!” तात्या म्हणाले, “रिकामी यिऊ दे आधी. उद्याचं पाणी तिच्यात हाय.” रिकामी सांगोला, ढालगाव न थांबता पार करून कवठेमहांकाळला आली, तिथे क्रॉसिंग झाले. पॅसेंजरला सांगोला मोकळे मिळाले, पुढे ढालगावला ती छोट्या लूपमध्ये मावली आणि भरलेली मुख्य रुळावरून गेली. भरलेली पंचवीस मिनिटे उशिरा पोचली, पण रिकामीचे एक तास वीस मिनिटे वाचले.

निव्वळ फायदा पंचावन्न मिनिटांचा. एवढ्याने काय होते? हिशेबासाठी समजू, की भरायला ८ तास, जायला ८, उतरवायला ५ आणि परतायला ७ लागतात. एक फेरा २८ तासांचा. तीस दिवसांत अशा पावणेसव्वीस फेऱ्या होतात. फेऱ्यातून पंचावन्न मिनिटे गेली की साडेसव्वीस. महिन्याला जवळपास एक फेरी जास्त, म्हणजे सुमारे पंचवीस लाख लिटर. हे पाणी कुठल्याही नव्या वाघिणीतून आले नाही, कुणाला कुठे थांबवायचे एवढ्या निर्णयातून आले. याच हिशेबात भरण्याचा वेळ निम्मा केला तर फेरा २४ तासांचा होतो आणि फेऱ्या तीस. म्हणजे सिग्नलपाशी झगडण्याइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष भरण्याच्या नळांकडे द्यायला हवे. गाडी धावते तेव्हाच तिचे काम चाललेले असते असे आपल्याला वाटते. फेरा मांडला की दिसते, उभ्या गाडीचा वेळही पाण्यातच मोजायचा असतो.

हे खोलीतले गणित आहे आणि प्रत्यक्ष मार्गावरच्या कंट्रोलरांपुढे याच्या दसपट अडचणी असतात. पण त्यातला क्रम इतर ठिकाणीही लागू पडतो. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, तेव्हा आमच्या भागातल्या डाळिंबाला लांबचा बाजार रुळाने जोडला गेला. डाळिंब घेऊन गेलेला डबा परत कधी येतो यावर पुढची पाठवणी ठरते. आमच्या बिल्ट्यांच्या खेळात म्हणून मी आता प्रत्येक कार्डाच्या पाठीवर परतीची बिल्टी लिहितो. उसाच्या बैलगाड्या, दुधाचे कॅन, पाण्याचे टँकर, सगळ्यांचा हाच हिशेब.

कुणाला हे करून पाहायचे असेल तर रूळ आणि इंजिन नसले तरी चालते. एक लांब फळी किंवा नुसती जमीन, खडूने आखलेली चार स्टेशने, गाड्यांच्या जागी काड्यापेट्या, प्रत्येक सेक्शनला एक रंगीत गोटी आणि दुसऱ्या खोलीत पाठ करून बसलेला एक कंट्रोलर. नियम दोनच ठेवा : गोटी हातात आल्याशिवाय काड्यापेटी हलवायची नाही, आणि कंट्रोलरने सांगितलेले मोठ्याने परत म्हणून दाखवायचे. तासाभरात मुले स्वतःहून विचारू लागतात, की आधी कुणाला सोडायचे. त्या वेळी त्यांना भरलेली काड्यापेटी आणि रिकामी काड्यापेटी वेगळी ओळखता येईल अशी खूण करून द्या. उत्तर त्यांना सापडेल.